अर्धभरणमीमांसा, अर्थात डायनरच्या कॉफीचा तळ

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्या लागतात : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. विषय, अमेरिकेतल्या लहान गावांच्या डायनरमध्ये दोन-अडीच डॉलरांना मिळणारी साधी कॉफी. प्रयोजन काही नाही. संबंध दर आणि चव यांचा. तो सम की व्यस्त, यावर पुढे बरेच बोलायचे आहे. राहता राहिला अधिकारी. पहाटे साडेपाचला ज्याला कोणी उठवलेले नाही आणि तरी जो उठला आहे, ज्याच्या डोक्यावर बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेली टोपी आहे, ज्याला कुठेही जायची घाई नाही पण इथे यायला पाच मिनिटे उशीर झाला तर जो कासावीस होतो, तो या शास्त्राचा उत्तम अधिकारी. ट्रकचालक मध्यम. महामार्ग सोडून वाट वाकडी करून आलेला प्रवासी कनिष्ठ, आणि प्रस्तुत भाष्यकार याच शेवटच्या वर्गात मोडतो.

लक्षणविचार

डायनर म्हणजे काय, ते आधी ठरवले पाहिजे. 'जिथे कॉफी मिळते ते डायनर' म्हणावे तर अतिव्याप्ती होते, कारण कॉफी पेट्रोल पंपावरही मिळते आणि अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरातही. 'रेल्वेच्या डब्यासारखे लांबट, चकचकीत पत्र्याचे, आत काउंटर आणि फिरती स्टुले असलेले उपाहारगृह' म्हणावे तर अव्याप्ती, कारण असे डबे मुख्यतः पूर्व किनाऱ्याकडचे. आयोवा-नेब्रास्काकडे हेच कार्य मेन स्ट्रीटवरच्या जुन्या विटांच्या इमारतीतले एखादे 'कॅफे' निमूटपणे पार पाडते. जाता जाता एक गैरसमज दूर करतो. हे डबे म्हणजे रेल्वेने मोडीत काढलेल्या गाड्या, असे पुष्कळांना वाटते. बहुतेक डबे तसल्या आकारात कारखान्यातच बनत. मॅसॅच्युसेट्समधली वुस्टर लंच कार कंपनी १९०६ पासून हाच उद्योग करत होती. अख्खे हॉटेल, काउंटर-स्टुलांसकट, कारखान्यातून निघून गावात येऊन बसायचे.

तेव्हा आमचे लक्षण असे : ज्या ठिकाणी कप अर्धा होताच न विचारता पुन्हा भरला जातो आणि त्याचे पैसे पडत नाहीत, ते डायनर. या लक्षणात पत्रा, स्टूल, काउंटर यांपैकी काहीच येत नाही, असा आक्षेप संभवतो. पण हे सगळे असूनही एखाद्या मालकाने दुसऱ्या कपाचे पैसे लावले, तर गावकरी त्या जागेला जे म्हणतात ते छापण्याजोगे नसते.

इतिहासात फार शिरत नाही. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने (कादंबरीकार नव्हे, तो चाळीस वर्षांपूर्वीच वारला होता) घोड्याच्या गाडीतून रात्री खाणे आणि कॉफी विकायला सुरुवात केली. बाकीच्या खानावळी झोपलेल्या असत आणि वृत्तपत्राच्या छापखान्यातली रात्रपाळी जागी. या व्यवसायाची पहिली गिऱ्हाइके वृत्तपत्रवाली होती, यावरून डायनरमध्ये आजही बातमी छापून येण्याआधी का पोचते, याचा उलगडा व्हावा.

पात्रविचार

ज्यांना कॉफी प्यायची आहे त्यांनी कॉफीकडे पाहावे. ज्यांना ती समजून घ्यायची आहे त्यांनी कपाकडे पाहावे. डायनरचा अस्सल कप जाडजूड, पांढरट, कानापाशी दणकट आणि वजनाला असा की रिकामा असला तरी भरल्यासारखा वाटावा. न्यू यॉर्क राज्यात व्हिक्टर नावाचे गाव आहे. तिथल्या कारखान्यात विजेच्या तारांसाठी चिनी मातीचे इन्सुलेटर बनत. दुसऱ्या महायुद्धात त्याच कारखान्याने सैन्यासाठी कप केले. हलत्या जहाजावर कलंडू नये, पडला तर फुटू नये, इतकीच अपेक्षा होती. ती इतकी पुरी झाली, की युद्ध संपल्यावर हा घाट डायनरच्या काउंटरवर येऊन स्थिरावला.

या जाडीत अर्थशास्त्र दडलेले आहे. बाहेरून कप घसघशीत, आतून पोकळी बेताची. गिऱ्हाइकाच्या हाताला माप वाटते एक आणि पोटात जाते दुसरे. यात फसवणूक नाही, कारण कमी पडले तर पुन्हा भरायला वाढणारी बाई उभीच आहे. शिवाय जाड मातीला एकदा ऊब चढली की ती लवकर सुटत नाही. जानेवारीत डकोटाकडचा वारा अंगावर घेऊन आलेला माणूस पहिली पाच मिनिटे कॉफी पीत नसतो, नुसता कप दोन्ही हातांत धरून बसतो. म्हणजे पहिला कप मुळात पिण्याचा नाहीच. तो हातांचा. जिभेचा अधिकार दुसऱ्या कपापासून सुरू होतो, हे या भाष्याचे एक गौण पण पक्के मत आहे.

काही गावांत नेहमीच्या मंडळींचे कप भिंतीवरच्या खुंट्यांना नावानिशी टांगलेले असतात. कपाचा धनी वारला तरी काही महिने कप तिथेच राहतो. तो काढायचा कोणी, हा प्रश्न कुठल्याच ग्रंथात सुटलेला नाही.

द्रव्यविचार

आता प्रत्यक्ष द्रव. कॉफीचा रंग तपकिरी, पातळ थरात लालसर. वास स्वतःपेक्षा मोठा. चव पहिल्या घोटात सौम्य आणि पाचव्या घोटात सवयीची. एडवर्ड हॉपरने १९४२ साली रात्रीच्या डायनरचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात काउंटरमागे धातूच्या दोन उंच टाक्या दिसतात. कॉफी तेव्हा अशा टाक्यांतून तोटीने यायची. पुढे इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्ड गावच्या बन कंपनीने गाळणीच्या सपाट बुडाच्या कागदाची आणि आपोआप ठिबकणाऱ्या यंत्राची चाल रूढ केली, आणि काचेचा गोल घडा आला. काचेमुळे क्रांती झाली. टाकीत किती उरली हे मालकालाच ठाऊक असे. घड्यात किती उरली हे अख्ख्या काउंटरला दिसू लागले. तळाशी दोन बोटे राहिली की बसलेल्यांच्या संभाषणाची गती बदलते, हे कोणीही जाऊन पडताळून पाहावे.

हा घडा तापत्या तव्यावर ठेवलेला असतो आणि सगळी निंदा तिथून सुरू होते. तव्यावर राहिल्याने कॉफीतले क्लोरोजेनिक आम्ल मोडून क्विनिक आम्ल वाढते आणि चव तुरट-आंबट होते, हे रसायनशास्त्र खरे आहे. पण ते लागू कधी होते? घडा तासभर पडून राहिला तर. सकाळी सहा ते आठ या वेळात तो पडून राहतच नाही. म्हणून तज्ज्ञ मंडळी सावकाश साडेदहाला येऊन चव घेतात, नाक मुरडतात आणि लेख लिहितात.

घड्यांच्या मुठी दोन रंगांच्या असतात. काळी किंवा तपकिरी मूठ म्हणजे सकॅफिन, नारिंगी मूठ म्हणजे कॅफिन काढून टाकलेली. जर्मनीतल्या ब्रेमेनचे व्यापारी लुडविग रोझेलियस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅफिन काढण्याची युक्ती बाजारात आणली. अमेरिकेत ती 'सांका' या नावाने नारिंगी वेष्टनात खपली, आणि तो रंग मुठीला कायमचा चिकटला. आता ज्याने उत्तेजनाचा त्याग केला त्याला भगवा रंग द्यावा, हे त्या देशात कोणालाही न शिकवता सुचले, याचे आम्हांला फार कौतुक वाटते. साठी ओलांडलेला, डॉक्टरांनी दटावलेला गृहस्थ काळ्या मुठीकडे पाहत पाहत नारिंगी मुठीला होकार देतो. त्याचा संन्यास मनापासूनचा नसतो, एवढे मात्र बाईंना कळते.

पूर्वपक्ष

इथे आपल्याकडचा पूर्वपक्षी उठतो. तो काल्पनिक नाही. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी इंजिने बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचे मुख्यालय आहे आणि पुण्यात कोथरूडला १९६२ पासून तिचे घराणे नांदते आहे. त्यामुळे मक्याच्या शेतांमधल्या त्या गावात कोथरूडचा इंजिनीअर ही दुर्मीळ वस्तू नव्हे. त्याचे म्हणणे : "ही कॉफी? हे कपबशी विसळलेले पाणी! कॉफी म्हणजे दूध आटवून, साखर सढळ घालून, वर जायफळ किसून, लग्नाच्या घरी पहाटे मिळते ती."

याचे खंडन करण्यापूर्वी एक मान्य करतो. जायफळाच्या कॉफीला तोड नाही. पण पूर्वपक्षी तिचे चार कप लागोपाठ पिऊन दाखवील काय? दुसऱ्या कपाला पोट भरेल, तिसऱ्याला जायफळ आपला लौकिक दाखवील, आणि चौथ्याच्या आधी पूर्वपक्षच निद्रिस्त होऊन वाद निकालात निघेल. डायनरची कॉफी चाखण्यासाठी केलेलीच नाही. ती दोन तास बसण्यासाठी केलेली आहे. पातळपणा हा तिचा दोष नसून तिची अट आहे.

शिवाय हा सिद्धांत आपल्याला परका नाही. मिसळीच्या हॉटेलात रस्सा कितीही वेळा मागा, वाढपी वाटी भरतो. जादा पावाचे मात्र पैसे पडतात. डायनरमध्ये कॉफी कितीही, पण सफरचंदाच्या पायची फोड घेतली की बिल हलते. द्रव मुक्त, घन सशुल्क. या नियमाला 'द्रवमोक्षन्याय' असे नाव आम्ही सुचवतो.

मूल्यविचार

स्वस्ताईची गाथा सांगायची तर दक्षिण डकोटातल्या वॉल गावापासून. वस्ती सातशेच्या आसपास, भोवती बॅडलँड्सचे उजाड कडे. १९३१ साली टेड हस्टेड नावाच्या औषधविक्याने तिथले दुकान घेतले. मंदीचा काळ, गिऱ्हाईक फिरकेना. १९३६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी डोरोथी यांना सुचले, की रस्त्याने तापून जाणाऱ्यांना बर्फाचे पाणी फुकट द्यावे आणि तशा पाट्या लावाव्यात. पाट्या लागल्या, गाड्या वळल्या, दुकानाचा बाजार झाला. त्या वॉल ड्रगमध्ये कॉफी आजही पाच सेंटला मिळते. काटेकोर शास्त्री त्याला डायनर म्हणणार नाही, औषधांच्या दुकानाला फुटलेले उपाहारगृह म्हणेल. म्हणू दे. पाच सेंटमध्ये धंदा कसा परवडतो हा प्रश्न ज्याला पडतो, त्याने तिथून बाहेर पडताना आपल्या हातातल्या पिशव्या मोजाव्यात.

पाच सेंटचे नाणे आणि कॉफी यांची गाठ एकेकाळी देशभर पक्की होती. न्यू यॉर्क-फिलाडेल्फियाच्या हॉर्न अँड हार्डार्ट उपाहारगृहांत ते नाणे यंत्राच्या फटीत टाकले की कॉफी यायची. १९५० साली तिथे दर दहा सेंट झाला. महायुद्धाने तर दुसरा कपच हिरावून घेतला होता. नोव्हेंबर १९४२ ते जुलै १९४३ अमेरिकेत कॉफीवर रेशन होते, मोठ्या माणसामागे पाच आठवड्यांना एक पौंड. उपाशी राष्ट्राने पुढे उट्टे काढले. १९४६ साली तिथली कॉफी माणशी ४६ गॅलनांवर गेली, म्हणजे सुमारे पावणेदोनशे लिटर. लहान मुले आणि चहावाले धरून.

आजच्या दराचे गणित करून पाहू. चौसष्ट औंसांचा घडा, त्यात साधारण दोन औंस पूड. घड्याचे नऊ कप धरले तर कपामागे सहा ग्रॅमच्या वर थोडी. पुडीचा भाव पौंडाला आठ डॉलर धरा. एका कपातल्या कॉफीची किंमत अकरा सेंट येते. चार कप प्यायलात तर चव्वेचाळीस. बिल अडीच डॉलरांचे. मग उरलेले दोन डॉलर कशाचे? खुर्चीचे, वीजबिलाचे, खिडकीचे, बाहेर कोणाची गाडी कोणाच्या दारात उभी आहे ते दिसण्याचे. कॉफी ही भाड्याची पावती आहे, आणि ती पिता येते एवढेच तिचे वैशिष्ट्य.

म्हणून जगाच्या बाजारात कॉफी पेटली तरी डायनरमध्ये धूर उशिरा दिसतो. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात हिमतुषारांनी मळे जाळले आणि १९७७ पर्यंत भाव पौंडाला तीन डॉलरांच्या वर गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो न्यू यॉर्कच्या बाजारात चार डॉलरांपलीकडे पोचला. आमच्या गणिताने पुडीचा भाव दुप्पट झाला तरी कपामागे वाढतात अकरा सेंट. मालकाला ते सोसवतात. सोसवत नाही ते पहाटेच्या टेबलासमोर नवे मेनूकार्ड ठेवणे. पंचवीस सेंटच्या वाढीवर त्या टेबलावर जेवढी चर्चा होते, तेवढी काउंटीच्या अंदाजपत्रकावर होत नाही. आणि ती चर्चाही कॉफी पीतच होते, म्हणजे मालकाचा दुहेरी तोटा.

पण गणितातले एक खाते आम्ही मुद्दाम मागे ठेवले होते. वनवासात सूर्याने युधिष्ठिराला थाळी दिली. द्रौपदीचे जेवण होईपर्यंत त्या थाळीतले अन्न संपत नसे; ती जेवली की त्या दिवसापुरते संपले. सगळे जेवल्यावर जेवायचे, हा नियम द्रौपदीलाच. घडा हातात घेऊन टेबलांमधून फिरणाऱ्या बाईंचा स्वतःचा कप गल्ल्यामागच्या फळीवर असतो. सहाला भरलेला, आठपर्यंत एक घोट कमी झालेला, गार. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचा किमान पगार तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आणि तो १९९१ पासून हललेला नाही. टिपा धरूनही सर्वसाधारण किमान वेतन भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा, असे कलम आहे. काही राज्यांनी आपला दर पुष्कळ वर नेला आहे. पण जिथे नेलेला नाही, तिथे बाईंचा तासाचा पगार आणि त्यांनी वाढलेली कॉफी यांची किंमत जवळपास एकच. कॉफी स्वस्त का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे, आणि ते ब्राझीलमध्ये शोधायला जायची गरज नाही.

जाणती गिऱ्हाइके हे जाणून असतात. अडीच डॉलरांच्या कॉफीवर ती एक डॉलर, कधी दोन, कपाखाली दाबून उठतात. शेकडा वीसचा शिष्टाचार इथे लागू नाही. दोन तास बसून पन्नास सेंट ठेवणाऱ्याचे नाव दुपारपर्यंत धान्याच्या कोठारापर्यंत पोचलेले असते.

अर्धभरणविचार

आता मुख्य प्रमेय. गिऱ्हाइकाने पहिल्या कपात साखरेच्या दोन पुड्या आणि हाफ-अँड-हाफ या दूध-सायीच्या मिश्रणाची एक चिमुकली डबी ओतली. ढवळले. रंग जमला, गोडी जमली. त्याने अर्धा कप प्यायला. तोच बाई आल्या आणि कप काठोकाठ भरून गेल्या. आता कपात साखर राहिली एका पुडीएवढी. पुन्हा अर्धा प्यायला, पुन्हा भरला : अर्धी पुडी. तिसऱ्या भरणानंतर पाव. साखर कधीच शून्य होत नाही आणि कधीच पुरत नाही. दूधही तसेच. दरवेळी नवी पुडी फोडावी, तर ती अर्ध्यासाठी जास्त होते; न फोडावी, तर कमी. जमलेला रंग पुन्हा जमत नाही.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की काउंटरवरचे म्हातारे कोरी कॉफी पितात, ती त्यांची आवड नव्हे. चाळीस वर्षांच्या अर्धभरणानंतर उरलेली ती बाकी आहे. दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर. कप अर्धा होताच तो भरला जात असेल, तर तळ कधी दिसणार? तळ असतो हे अनुमानानेच मानायचे. प्रत्यक्ष प्रमाण फक्त भांडी घासणाऱ्याकडे.

सुटकेचा मार्ग एकच, तळहात कपावर आडवा ठेवणे. बोलायची गरज नाही. बाई मान हलवतात, सत्तरीच्या आजोबांना 'हनी' म्हणतात, बिल पालथे ठेवतात आणि घाई करू नका असे सांगतात. ते शब्दशः घेऊन आणखी तासभर बसणारे अधिकारी आम्ही पाहिले आहेत. बाईंनाही तेच अभिप्रेत असावे, निदान दुपारच्या जेवणाची गर्दी सुरू होईपर्यंत.

बिल कोणी द्यायचे, याचा मिनेसोटा, डकोटा, नेब्रास्का या पट्ट्यातल्या कित्येक कॅफेंनी काढलेला तोडगा महाभारताच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. काउंटरखालून चामड्याचा पेला निघतो, त्यात फासे. टेबलावरचे सहाही जण एकामागून एक पेला हलवतात आणि पालथा करतात. अक्षय पात्र आणि द्यूत एकाच छपराखाली, फक्त क्रम उलटा : इथे आधी पात्र, मग फासे. हरणाऱ्याला राज्य द्यावे लागत नाही, सहा जणांची कॉफी द्यावी लागते, आणि दर वाढलेला नसेल तर तो पंधरा डॉलरांत मोकळा होतो. बाईंची टिप वेगळी. जो आज हरला तो दुसऱ्या दिवशी सव्वापाचलाच येऊन दार उघडायची वाट पाहत उभा राहतो, कारण कालचे पंधरा डॉलर वसूल करायला त्याच्याजवळ दुसरी जागा नाही. मालक आतून कुलूप काढतो आणि सांगतो, "अजून घडा भरायचाय." तो म्हणतो, "भर की. मी बसतो."